शिरवळची वेलांटी

पुण्याहून साताऱ्याच्या वाटेला लागून नीरा नदी ओलांडली, कीं सातारा जिल्ह्यांतील पहिलें मोठें गांव लागतें तें शिरवळ. इतिहासाच्या अभ्यासकाला हें नांव नवें नाहीं. गांवाजवळ बौद्धकालीन लेणीं आहेत. नीरेच्या कांठच्या सुभानमंगळ गढीसाठीं १६४८ च्या सुमारास शिवाजी महाराजांचे मावळे आणि विजापूरकरांची फौज यांची झुंज झाली. आणि जुन्या कागदपत्रांतून शिरवळचें नांव वारंवार भेटतें. आतां गांवाभोंवतीं कारखान्यांची वस्ती झाली आहे, आणि महामार्गावरून मालमोटारी दिवसरात्र धांवत असतात.

अशाच एका कारखान्यांत काम करणाऱ्या आमच्या एका जुन्या विद्यार्थ्यानें मध्यंतरीं जुन्या कागदांच्या प्रतिमा संगणकावर सांठविण्याची व्यवस्था आम्हांस करून दिली. एका कप्प्याला त्यानें 'शिरवळ' असें नांव दिलें. मग त्यानें पडद्यावर एक काळी खिडकी उघडली, दोन अक्षरांची एक आज्ञा टंकिली, आणि सांठविलेल्या कप्प्यांची यादी खिडकींत उमटली. त्या यादींत शिरवळचें 'शरिवळ' झालें होतें! शेजारच्या दुसऱ्या खिडकींत तेंच नांव बिनचूक दिसत होतें. या काळ्या खिडकींत मात्र वेलांटीनें 'श'ला सोडून 'र'चा आश्रय केला होता. आम्हीं विचारलें तेव्हां विद्यार्थी हंसून म्हणाला, "सर, टर्मिनलमध्यें असंच दिसतं. नांवं इंग्रजींतच दिलेलीं बरीं." आम्हीं तें निमूटपणें ऐकलें, आणि पुढच्या सर्व कप्प्यांचीं नांवें रोमन लिपींत लिहिलीं.

निमूटपणें ऐकलें खरें. पण मन स्वस्थ बसेना. ज्या यंत्राला चंद्रावरच्या यानाचा मार्ग आंखतां येतो, त्याला शिरवळची वेलांटी जागेवर ठेवतां येऊं नये, याचें कारण काय? ही कोणाची हयगय, कोणाचा द्वेष, कीं आमच्या लिपीचाच दोष? हा शोध घेतां घेतां आम्ही पाऊणशें वर्षें मागें गेलों, आणि वाटेंत कानपूर, लखनौ व पुणें अशीं गांवें लागलीं. त्या शोधाचें फळ वाचकांपुढें ठेवीत आहों.

ही काळी खिडकी म्हणजे काय, हें प्रथम सांगितलें पाहिजे. कारण तिचा उपयोग करणारे पुष्कळ असले तरी तिची वंशावळ ठाऊक असणारे थोडे. संगणक जेव्हां एका दालनाएवढा मोठा असे, आणि एका संस्थेला एकच परवडे, तेव्हां अनेक माणसें तारांच्या साह्यानें त्या एकाच यंत्राशीं बोलत. ज्या टोंकाशीं तार संपते व माणूस बसतो, तें टर्मिनल. आरंभीं या टोंकाशीं पडदा नव्हता. होता तो दूरमुद्रक, म्हणजे तारेनें आलेला मजकूर कागदावर छापणारा व बोटांनीं टंकिलेला मजकूर तारेनें धाडणारा टाइपरायटर. १९६३ सालीं निघालेलें 'टेलिटाइप मॉडेल ३३' हें या जातीचें सर्वांत प्रसिद्ध यंत्र. तें सेकंदाला दहा अक्षरें छापी. ओळींत बहात्तर अक्षरें मावत. आणि इंग्रजींतील लहान अक्षरें त्याला ठाऊकच नव्हतीं, सारा कारभार मोठ्या अक्षरांचा!

१९६९ सालीं अमेरिकेंतील बेल लॅबोरेटरीज या संस्थेंत केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनीं युनिक्स नांवाची जी कार्यप्रणाली रचण्यास आरंभ केला, तिचें संगोपन अशाच दूरमुद्रकांवर झालें. सेकंदाला दहा अक्षरांच्या गतीनें खडखडणाऱ्या यंत्रावर लांब शब्द टंकणें हें कष्टाचें काम; तेव्हां युनिक्सच्या आज्ञा दोन-दोन, तीन-तीन अक्षरांच्या झाल्या. आमच्या विद्यार्थ्यानें टंकिलेली आज्ञा त्यांतलीच. युनिक्सची परंपरा चालविणाऱ्या आजच्या सर्व प्रणालींत टर्मिनलाला 'टीटीवाय' या नांवानें ओळखतात. तो टेलिटाइपचाच संक्षेप आहे. यंत्र गेलें, पण त्याचें नांव घरांत राहिलें. वाड्याचा मूळ मालक जाऊन पिढ्या लोटल्या तरी वाडा त्याच्याच नांवानें ओळखला जावा, तसें.

पुढें कागदाच्या जागीं कांच आली. दूरचित्रवाणीसारख्या पडद्यावर अक्षरें उमटूं लागलीं, आणि कागदाचा खर्च व खडखडाट दोन्ही संपले. परंतु या कांचेच्या टर्मिनलांनीं टाइपरायटरची एक मूलभूत कल्पना तशीच उचलली. ती अशी कीं, प्रत्येक अक्षराला सारख्या रुंदीचें एक घर असावें. पाटीवर आडव्या-उभ्या रेघा आंखून दरेक चौकटींत एकेक अंक भरावा, त्याप्रमाणें पडद्यावर ऐंशी उभे रकाने आणि चोवीस आडव्या ओळी. ही ऐंशींची संख्या कोठून आली? १९२८ सालीं आयबीएम कंपनीनें काढलेल्या छिद्रपत्रावर ऐंशी रकाने होते. तोच अंक पुढें ओळीची स्वाभाविक लांबी समजला गेला. डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशननें १९७८ सालीं काढलेलें 'व्हीटी-१००' हें या पिढीचें आदर्श यंत्र. अक्षर कोणत्या घरांत लिहावें, पडदा केव्हां पुसावा, अक्षर ठळक केव्हां करावें, यांविषयींच्या सांकेतिक खुणा ठरविणारे मानक १९७६ ते १९७९ या काळांत तयार झाले होते. व्हीटी-१०० नें ते पाळले, आणि इतरांनीं व्हीटी-१०० चें अनुकरण केलें.

जुन्या यंत्रांच्या संवयी किती चिवट असतात याचें एक लहानसें उदाहरण देतों. १९७६ सालीं निघालेल्या 'एडीएम-३ए' नांवाच्या टर्मिनलाला बाणांच्या वेगळ्या कळा नव्हत्या. 'एच', 'जे', 'के', 'एल' या चार अक्षरांच्या कळांवरच बाण काढलेले होते. बिल जॉय या विद्यार्थ्यानें आपला 'व्हीआय' हा संपादक याच टर्मिनलावर बसून लिहिला. आज ज्या तरुणानें तें यंत्र चित्रांतहि पाहिलेलें नाहीं, तोहि त्या संपादकांत डावीकडे जाण्यासाठीं 'एच'ची कळ दाबतो.

यानंतर १९८४ साल उजाडतें, आणि आमच्या काळ्या खिडकीचा खरा जन्म होतो. अमेरिकेंतील एमआयटी या संस्थेंत 'एक्स' नांवाच्या चित्रमय पडद्याच्या प्रणालीचें काम सुरू झालें होतें. एका पडद्यावर अनेक खिडक्या उघडाव्यात, आणि उंदरासारख्या एका साधनानें त्यांजवर बोट ठेवावें, अशी ती कल्पना. परंतु खिडक्यांत ठेवावयाचें काय? युनिक्सवरील सारी ग्रंथसंपदा, सारीं हत्यारें, टर्मिनलाशीं बोलणारीं! तेव्हां त्या उन्हाळ्यांत मार्क वँडेव्हूर्ड या विद्यार्थ्यानें एक आज्ञावली लिहिली. तिचें काम एवढेंच कीं, तिनें व्हीटी जातीच्या टर्मिनलाचें सोंग घ्यावें. जिम गेटिस यांनीं ती 'एक्स'च्या पदरीं बांधली. हीच 'एक्सटर्म'. ती आजहि जिवंत आहे, आणि १९९६ पासून टॉमस डिकी हे गृहस्थ तिची निगा राखीत आहेत.

सोंग हा शब्द आम्हीं जाणूनबुजून वापरला आहे. बहुरूपी फौजदाराचा वेष घेऊन दारांत उभा राहिला, तर घरधन्याला क्षणभर खरा फौजदारच आला असें वाटतें. येथेंहि तसेंच घडतें. युनिक्सनें या कामासाठीं एक जोडनळी निर्माण केली आहे. तिचें एक टोंक खिडकीच्या हातीं, दुसरें टोंक आज्ञा चालविणाऱ्या प्रणालीच्या हातीं. त्या दुसऱ्या टोंकाला असें वाटतें कीं, पलीकडे खरीखुरी तार व खरेंखुरें यंत्र आहे. आणि तें यंत्राला शोभतील अशाच खुणा पाठवितें. फरक एवढाच कीं, बहुरूप्याचा फौजदार कोठें तरी खरा असतो. येथें मूळ यंत्रें भंगारांत गेलीं, आणि सोंग तेवढें उरलें. पुढें 'आरएक्सव्हीटी' आली. केडीई या डेस्कटॉपाबरोबर 'कॉन्सोल' आली. ग्नोम या डेस्कटॉपाबरोबर त्याचें टर्मिनल आलें. परंतु या सर्वांनीं धारण केलेलें रूप एकच. रंग वाढले, खिडकी मोठी-लहान करतां येऊं लागली, पण आंतली पाटी तीच, चौकटी त्याच, आणि नवी खिडकी उघडतांना बहुधा रकानेहि ऐंशीच.

आतां या पाटीवर आपली लिपी बसवून पाहूं. 'शिरवळ' हा शब्द वाचणारा त्यांत चार अक्षरें मोजतो: शि, र, व, ळ. संगणकाच्या आजच्या जागतिक संकेतावलींत, म्हणजे युनिकोडमध्यें, त्याचे पांच घटक होतात. कारण वेलांटी हा वेगळा घटक आहे, आणि उच्चाराच्या क्रमानुसार तो 'श'च्या नंतर सांठविला जातो. प्रत्यक्ष सांठवणींत प्रत्येक घटकाला तीन याप्रमाणें पंधरा बाइट लागतात. डोळ्यांना मात्र वेलांटी 'श'च्या अगोदर दिसली पाहिजे. हा क्रमबदल करण्याचें काम, म्हणजेच अक्षरजुळणी, ज्या खिडकीला येतें तिच्यांत 'शिरवळ' दिसतें. जी खिडकी आलेला प्रत्येक घटक निमूटपणें पुढच्या चौकटींत टाकते, तिच्यांत 'श'च्या पुढच्या चौकटींत वेलांटी, तिच्या पुढें 'र', आणि वाचणाऱ्याला दिसतें 'शरिवळ'. 'लक्ष्मी' या शब्दाची तर याहून दैना. वाचणाऱ्याचीं अक्षरें दोन, घटक सात, आणि पाय मोडलेलीं, सुटीं सुटीं उभीं राहिलेलीं व्यंजनें पाहून लक्ष्मी घरांत यावयाची ती उंबऱ्यावरच थबकते.

मग दोष लिपीचा, असें कोणी म्हणेल. हें म्हणणें नवें नाहीं; आणि त्याचा इतिहास पाहिल्याशिवाय प्रस्तुत प्रश्नाचा निकाल लागणार नाहीं. लेखनाच्या साधनानें लिपीला वळण लावावें, यांत मुळांत कांहीं पाप नाहीं. मोडी लिपी हें त्याचें आपल्या घरचें उदाहरण. मोडींत ऱ्हस्व वेलांटी नाहींच. ऱ्हस्व व दीर्घ या दोहोंसाठीं एकच वेलांटी, आणि ती अक्षराच्या उजवीकडे. तेव्हां दप्तरांतील मोडी कागदांत 'शिरवळ'ची वेलांटी शेंकडों वर्षें उजवीकडेच पडत आली! कारण उघड आहे: बोरूचें टोंक न उचलतां भरभर लिहावयाचें, तर मागें वळणें कारकुनाला परवडत नसे. परंतु ही सोय लिहिणाराची होती, आणि लिहिणाऱ्यांनींच ती आपल्या हातानें घडविली. वाचणाऱ्यालाहि ती वळणाची झाली होती, म्हणून मोडी वाचतांना कोणी 'शरिवळ' वाचलें नाहीं.

छापखान्यांत बालबोध आली, आणि सोयीचा प्रश्न यंत्राच्या हातीं गेला. जुळाऱ्यापुढें शेंकडों खान्यांची पेटी असे. जोडाक्षरें, काने, मात्रा, रफार यांचे वेगवेगळे खिळे शोधण्यांत त्याचा दिवस जाई. निर्णयसागरासारख्या मुद्रणालयांनीं या अडचणीवर कौशल्यानें मात केली, हें खरें. पण त्याची किंमत वेळांत आणि मजुरींत मोजावी लागली. टाइपरायटरवर तर कळांची संख्याच मर्यादित. तेथें अर्धीं अक्षरें वेगळ्या कळांवर गेलीं, आणि ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या अगोदर टंकण्याची चाल पडली, म्हणजे हाताचा क्रम डोळ्याच्या क्रमाप्रमाणें. या सर्व खटाटोपांतून लिपिसुधारणेची चळवळ उभी राहिली. सावरकरांनीं 'अ'च्या बाराखडीचा पुरस्कार केला. इ, ई, उ हीं स्वतंत्र स्वरचिन्हें सोडून 'अ'लाच वेलांटी-उकार द्यावे, म्हणजे तितके खिळे वांचतील. १९३५ सालीं इंदूरच्या हिंदी साहित्य संमेलनांत, महात्मा गांधी अध्यक्ष असतां, नागरी लिपीच्या सुधारणेसाठीं समिति नेमली गेली. तिचें सूत्रचालन ज्यांच्याकडे होतें ते काका कालेलकर मूळचे साताऱ्यांत जन्मलेले. त्या समितीनेंहि 'अ'च्या बाराखडीचीच शिफारस केली.

याहून धीट पाऊल १९५३ सालीं लखनौस पडलें. उत्तर प्रदेश सरकारनें भरविलेल्या लिपिसुधारणा परिषदेनें असें ठरविलें कीं, ऱ्हस्व वेलांटीहि अक्षराच्या उजवीकडेच लिहावी. दीर्घ वेलांटीहून ती निराळी ओळखूं यावी म्हणून तिचा उभा दंड आंखूड ठेवावा. यंत्राच्या दृष्टीनें हा ठराव अत्यंत सोयीचा होता. पण लोकांनीं तो स्वीकारला नाहीं, आणि थोड्याच वर्षांत तो मागें घ्यावा लागला. ज्यांनीं हे ठराव केले ते लिपीचे शत्रू नव्हते. लिपीवर त्यांचें प्रेम होतें, आणि यंत्रयुगांत ती मागें पडूं नये अशीच त्यांची तळमळ होती. त्यांचें एक गृहीत मात्र तपासून पाहण्यासारखें होतें: यंत्र बदलणार नाहीं, तेव्हां लिपीनेंच बदललें पाहिजे!

हें गृहीत उलटें करून दाखविलें तें आपल्याच देशांत, आणि तेंहि टर्मिनलाच्याच साह्यानें. ही गोष्ट जितकी प्रसिद्ध असावी तितकी नाहीं. कानपूरच्या आयआयटींत प्राध्यापक आर. एम. के. सिन्हा, मोहन तांबे आणि त्यांचे सहकारी यांनीं देवनागरी टर्मिनलाचें काम हातीं घेतलें, आणि १९८३ सालीं दिल्लीस भरलेल्या तिसऱ्या विश्व हिंदी संमेलनांत त्याचें प्रात्यक्षिक दाखविलें. त्यांच्या तंत्राला पुढें 'जिस्ट' हें नांव मिळालें. त्या नांवाचा आज दिला जाणारा अर्थ वेगळा आहे. आरंभीं त्यांतील अखेरचा 'टी' हा 'टर्मिनल' या शब्दाचा होता: चित्रें व भारतीय लिपी दाखविणारें टर्मिनल. १९८८ सालीं पुण्यास सी-डॅक ही संस्था स्थापन झाली, आणि जिस्टचें काम तेथें आलें.

या मंडळींची दृष्टि अशी. मराठी शब्द सांठवावयाचा तो उच्चाराच्या क्रमानें; आधीं 'श', मग वेलांटी. हाच क्रम सर्व ब्राह्मीजन्य लिपींना समान. म्हणून मराठी, गुजराती, बंगाली, तेलुगु या सर्वांस एकच संकेतावली पुरते. कळफलकहि एकच पुरतो. १९८६ सालीं ठरलेला 'इन्स्क्रिप्ट' कळफलक याच विचारावर उभा आहे. टाइपरायटरप्रमाणें वेलांटी आधीं टंकावी लागत नाहीं. 'श' म्हणावें, मग वेलांटी द्यावी. ती डोळ्यांना डावीकडे दिसावी, जोडाक्षर जुळावें, रफार डोक्यावर चढावा, हीं सर्व कामें दाखविणाऱ्या यंत्रानें करावयाचीं. या तत्त्वावरील 'इस्की' ही संकेतावली १९८८ सालीं सिद्ध झाली, आणि १९९१ सालीं भारतीय मानक संस्थेनें ती राष्ट्रीय मानक म्हणून स्वीकारली. जिस्टचीं टर्मिनलें युनिक्सच्या यंत्रांना तारेनें जोडीत. मुख्य यंत्राला फक्त संकेतांची ओळ दिसे, जशी इंग्रजीची दिसते तशी. अक्षरजुळणीचा सारा संसार टर्मिनलाच्या पोटांत चाले. ज्या काळीं बँकांच्या शाखांतून युनिक्सचीं यंत्रें व त्यांचीं टर्मिनलें नुकतीं येऊं लागलीं होतीं, त्या काळीं पुण्याच्या या कामानें असें सिद्ध केलें कीं, लिपीचा एक खिळाहि न बदलतां ती यंत्रावर नांदूं शकते. लखनौच्या ठरावाला तीस-पस्तीस वर्षांनीं मिळालेलें हें उत्तर होय.

हें उत्तर जगानेंहि मानलें. १९९१ सालीं प्रकाशित झालेल्या युनिकोडनें आपल्या देवनागरी विभागाची मांडणी १९८८ च्या इस्कीवरूनच घेतली. १९९२ सालीं युनिक्सचे तेच केन थॉम्प्सन आणि त्यांचे सहकारी रॉब पाइक यांनीं युनिकोड सांठविण्याची 'यूटीएफ-८' ही पद्धति शोधून काढली, आणि युनिक्सचें अंतरंग जगांतील सर्व लिपींना मोकळें झालें. डेस्कटॉपांचीं मराठी भाषांतरें झालीं. ग्रंथ वाचावयाच्या, पत्रें लिहावयाच्या खिडक्यांतून अक्षरजुळणी सुरळीत होऊं लागली. अशा स्थितींत जिस्टच्या वेगळ्या टर्मिनलाची गरज संपली, आणि तीं यंत्रेंहि इतर यंत्रांच्या मागोमाग अडगळींत गेलीं. सर्वत्र राहिली ती एक्सटर्म व तिच्या वंशांतील खिडकी. आणि येथेंच, कोणाच्याहि लक्षांत न येतां, १९५३ चें तें जुनें गृहीत मागल्या दारानें पुन्हां आंत आलें.

तें कसें, हें थोडें विस्तारानें सांगावें लागेल. शेजारच्या खिडकीला जी अक्षरजुळणी येते, ती या खिडकीला शिकविली म्हणजे झालें, असें वाचकांस वाटेल. आम्हांसहि प्रथम तसेंच वाटलें. पण टर्मिनल हा दोघांचा मिळून चाललेला व्यवहार आहे. आंतील आज्ञावली मनांतल्या मनांत चौकटी मोजत असते: इतकीं अक्षरें लिहिलीं, म्हणजे आतां मी अमुक रकान्यांत आहें. खिडकीहि आपल्या बाजूनें मोजत असते. दोघांची वही जुळली तर सारें ठीक. न जुळली तर पुढचें अक्षर भलतीकडे पडतें, पुसावयाचें तें राहतें, आणि राहावयाचें तें पुसलें जातें. म्हणून कोणत्या घटकाला किती चौकटी द्याव्या याची एक सारणी लागते. केंब्रिजच्या मार्कुस कुन यांनीं केलेली सारणी या शतकाच्या आरंभापासून पुष्कळांनीं प्रमाण मानली. त्या सारणीप्रमाणें साध्या इंग्रजी अक्षराला एक चौकट. चिनी-जपानी अक्षराला दोन. कारण तीं अक्षरें मुळांतच सारख्या आकाराच्या चौरसांत बसतात, आणि ऐंशी रकान्यांत चाळीस अक्षरें सुखानें मावतात. देवनागरीपुढें मात्र ही सारणी अडखळते. काना व दोन्ही वेलांट्या यांना तिनें एकेक चौकट दिली. उकार, मात्रा व हलन्त यांना शून्य. त्यामुळें 'लक्ष्मी'च्या हिशेबीं पांच चौकटी झाल्या. खिडकीनें आपल्या शहाणपणानें 'क्ष्मी' सुबक जुळविलें, तर ती दोन-तीन चौकटींत मावते, आणि उरलेल्या चौकटी रिकाम्या राहतात. त्या मिटवाव्या, तर दोघांची वही फसते. प्रत्येक चौकटींत एकच वस्तु आणि प्रत्येक वस्तूची रुंदी आधींच ठरलेली, हा टाइपरायटरचा नियम. अक्षराचें रूप शेजाऱ्यावरून ठरतें, हा देवनागरीचा. हा तंटा या दोन नियमांचा आहे. त्यांत द्वेष कोणाचाहि नाहीं, आणि लिपीचा दोषहि नाहीं. जी गोष्ट मूळच्या यंत्राला त्याच्या लोखंडामुळें अशक्य होती, ती सोंग घेणाऱ्या आज्ञावलीवर केवळ रूढीमुळें बंधनकारक झाली आहे, एवढेंच याचें तात्पर्य.

ही रूढि मोडण्याचे प्रयत्न झाले नाहींत असें नाहीं. 'एमएलटर्म' ही जपानांत उगम पावलेली खिडकी. बहुभाषिकता हें तिचें ब्रीदच, आणि तिनें आपली इस्कीसुद्धां आपलीशी केली. ग्नोमच्या टर्मिनलाखालचा जो पाया आहे, त्यांत २०१९ सालीं अरबी, हिब्रू अशा उजवीकडून डावीकडे जाणाऱ्या लिपींची व्यवस्था झाली. २०२३ सालीं युनिकोडच्या १५.१ या आवृत्तींत असा नियम आला कीं, 'क्ष्मी'सारखें भारतीय जोडाक्षर हें वाचणाऱ्याच्या दृष्टीनें एकच अक्षर धरावें. म्हणजे ज्याला आपला पहिलीचा विद्यार्थीहि 'एक अक्षर' म्हणून बोट दाखवितो, तें जागतिक मानकानें एक अक्षर मानावयास बत्तीस वर्षें लागलीं! 'किटी' नांवाचें टर्मिनल रचणारे कोविद गोयल हे भारतीय; त्यांनीं २०२५ सालीं असा प्रस्ताव प्रत्यक्षांत आणला कीं, अमुक मजकुरानें किती चौकटी व्यापाव्या हें आज्ञावलीनेंच खिडकीला स्पष्ट सांगावें, म्हणजे दोघांना वेगवेगळा हिशेब करण्याचें कारण उरणार नाहीं. वाट सांपडली आहे. परंतु जोंपर्यंत खिडकी आणि आज्ञावली या दोन्ही बाजूंचीं हजारों लहानमोठीं हत्यारें तिजवरून चालूं लागत नाहींत, तोंपर्यंत शिरवळची वेलांटी कोणत्या खिडकींत कोठें पडेल, याचा भरंवसा देतां येत नाहीं.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो क्षुल्लक नाहीं. या काळ्या खिडकींत काम करणारे लोक थोडे. त्यांना इंग्रजी येतेंच. आज्ञा इंग्रजी, खुणा इंग्रजी. मग चार नांवें मराठींत दिसलीं काय आणि न दिसलीं काय? आमचा विद्यार्थी हेंच म्हणत होता, आणि तो कांहीं मराठीचा वैरी नव्हे. परंतु या आक्षेपांत एक गोष्ट विसरली जाते. ही खिडकी बाजारांत वस्तु विकत घेणाऱ्यासाठीं नाहीं. ती वस्तु घडविणाऱ्यासाठीं आहे. संगणकाचें जें काम जनतेला दिसत नाहीं, पण ज्यावर दिसणारें सर्व काम उभें असतें, तें येथें चालतें. दिवाणखान्यांत मराठीला गालिचा अंथरला, आणि कारखान्याच्या दारावर 'येथें प्रवेश नाहीं' अशी पाटी लावली, तर ती भाषा पाहुणी म्हणून राहील. कारागीर म्हणून राहणार नाहीं. शिवाय परिणाम मनावरहि होतो. तालुक्याच्या गांवांतील एखादा मुलगा पहिल्यानें ही खिडकी उघडतो, आपल्या गांवाचें नांव टंकितो, आणि तें वेडेंवांकडें दिसतें; तेव्हां दोष रुंदीच्या सारणीचा आहे हें त्याला कोण सांगणार? तो समजतो कीं, आपल्या लिपींतच कांहीं उणें आहे. जो धडा आमच्या आजोबांच्या पिढीला टाइपरायटरनें दिला, तोच आमच्या नातवंडांना ही खिडकी देत राहील. आणि मधल्या काळांत कानपुरास व पुण्यास झालेलें काम झालेंच नव्हतें, असा त्याचा अर्थ होईल.

सुदैवानें या वेळची स्थिति एका बाबतींत अगदीं निराळी आहे. १९३५ सालीं कोणाला खिळा बदलावयाचा असता तर ओतशाळेच्या मालकाची, आणि टाइपरायटरची कळ बदलावयाची असती तर परदेशच्या कारखान्याची मनधरणी करावी लागे. या खिडक्यांचें अंतरंग मात्र उघडें आहे. एक्सटर्म असो, कॉन्सोल असो, किटी असो, तिची ओळ न् ओळ कोणालाहि वाचतां येते, दुरुस्त करतां येते, आणि दुरुस्ती मूळ कर्त्याकडे धाडतां येते. त्यासाठीं परिषद भरवावी लागत नाहीं, कीं सरकारी ठराव लागत नाहीं. 'लक्ष्मी' दोन अक्षरांत कशी मोजावी हें ज्याला ओंव्या ऐकत ऐकत कळलें आहे, आणि चौकटींचा हिशेबहि ज्याला कळतो, असा माणूस मात्र लागतो. असे तरुण पुण्यांत आहेत, साताऱ्यांत आहेत, आणि शिरवळच्या कारखान्यांतहि आहेत, हें आम्हीं प्रत्यक्ष पाहिलें आहे.

त्या विद्यार्थ्याला हा सारा इतिहास आम्हीं पुढें एका रविवारीं सांगितला. त्याला लखनौचा ठराव ठाऊक नव्हता, आणि जिस्टमधील 'टी'चा मूळ अर्थहि ठाऊक नव्हता. ऐकून तो थोडा वेळ गप्प बसला. मग त्यानें काळी खिडकी उघडली, आणि ती ज्या आज्ञावलीनें चालते तिचा मूळ मजकूर उतरवून घेऊन तो वाचावयास बसला. त्याच्या हातून काय होईल तें होवो. आम्हीं मात्र घरीं येऊन रोमन लिपींत लिहिलेलीं कप्प्यांचीं नांवें एकेक करून पुसलीं, आणि तीं पुन्हां मराठींत लिहिलीं. काळ्या खिडकींत तीं अजून चुकतात, चुकोत. बिघाड डोळ्यांपुढें राहिला, तरच तो कोणी दुरुस्त करील.